न पाहिलेलं आजोळ

माझी भाची न्यू जर्सीत वाढली. दर दोन वर्षांनी आईबाबांबरोबर पुण्याला येते, महिनाभर राहते. आम्ही तिला आंबे खाऊ घालतो, शनिवारवाडा दाखवतो, तुळशीबागेत हिंडवतो, कुणाच्या ना कुणाच्या मुंजीला नेतो. जेवण झाल्यावर तिने स्वतःचं ताट उचललं तरी कुणीतरी धावत येऊन ते तिच्या हातातून काढून घेतं. गेल्या खेपेला, परत जायच्या आदल्या रात्री, तिने विचारलं, "आत्या, इथे मला काही काम असेल का गं?"

मला वाटलं, नोकरीबद्दल विचारतेय. तसं नव्हतं. मी इथे आले काय आणि नाही आले काय, कुणाचं काही अडतं का, असं तिला विचारायचं होतं. त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. "अगं, काम कसलं, मजा कर" असं म्हणून मी बॅग भरायला लागले. पण प्रश्न डोक्यात राहिला, आणि तो आणखी किती समाजांना पडला आहे हे शोधायला लागले. त्या शोधात सगळ्यात जास्त वेळ मी ज्या देशापाशी थांबले, तो आर्मेनिया.

मुंबईकरांना आर्मेनियाची एक खूण रोज दिसते, पण ती ओळखू येत नाही. फोर्टात नगीनदास मास्टर रोडवर 'अरारात' नावाची इमारत आहे आणि तिच्या शेजारी आर्मेनियन व्यापाऱ्यांनी १७९६ साली बांधलेलं छोटं चर्च. अरारात हा आर्मेनियन लोकांचा पवित्र पर्वत, आपल्याला कैलास जसा. येरेवान या त्यांच्या राजधानीतून स्वच्छ हवेच्या दिवशी त्याचं ५,१३७ मीटर उंचीचं बर्फाळ शिखर समोर दिसतं. पण तो पर्वत आर्मेनियात नाही, तुर्कस्तानात आहे, आणि मधली सरहद्द १९९३ पासून बंद आहे. आपला देव डोळ्यांसमोर, पण कुंपणापलीकडे. पूर्वजांच्या देशात मुलांना नेणं म्हणजे काय, याची सगळी गुंतागुंत या एका दृश्यात आहे.

आधी साधी माहिती. परदेशात वाढलेल्या तरुण मुलांना आजी-आजोबांच्या देशाची ओळख व्हावी म्हणून अनेक समाज आणि सरकारं कार्यक्रम चालवतात. काही नुसत्या सहली असतात: आठ-दहा दिवस बसमधून फिरायचं, स्मारकं पाहायची, गाणी शिकायची. काही उन्हाळी शिबिरं असतात. आणि काही ठिकाणी मुलांना तिथे राहून, काही आठवडे किंवा महिने, बिनपगारी काम करायला लावतात. या तिसऱ्या प्रकाराला 'स्वयंसेवा कार्यक्रम' म्हणतात. नाव थोडं सरकारी वाटतं, पण मला जे सांगायचं आहे ते या तिसऱ्या प्रकाराबद्दलच.

सहलींमधली सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे इस्रायलची. १९९९ साली चार्ल्स ब्रॉन्फमन आणि मायकेल स्टाइनहार्ट या दोन श्रीमंत ज्यू उद्योजकांच्या पुढाकाराने 'बर्थराइट इस्रायल' सुरू झालं. बर्थराइट म्हणजे जन्मसिद्ध हक्क. हा शब्द मराठी कानाला टिळकांमुळे ओळखीचा आहे. जगभरातल्या ज्यू तरुणांना दहा दिवसांची इस्रायल यात्रा पूर्ण मोफत, अशी ती योजना. आजवर आठ लाखांहून अधिक मुलं जाऊन आली. या योजनेवर टीकाही पुष्कळ झाली, आणि ती बाजूला सारण्यासारखी नाही. ज्या पॅलेस्टिनी कुटुंबांचे आजोबा खरोखर त्याच गावात राहत होते त्यांच्या नातवंडांना तिथे परतता येत नाही. मग हक्क जन्मसिद्ध आहे तर कुणाचा, हा त्यांचा सवाल. २०१८ साली काही अमेरिकन ज्यू मुलं याच मुद्द्यावर सहल अर्ध्यात सोडून निघून गेली. पूर्वजांच्या भूमीकडे नेणारा कुठलाही कार्यक्रम त्या भूमीबद्दलची एक गोष्ट सांगत असतो, आणि त्या गोष्टीतून कुणाला वगळलं आहे हे मुलांनी विचारलंच पाहिजे.

आर्मेनियन मंडळींनी २००३ साली तेच नाव उचललं, पण घडण वेगळी केली. 'बर्थराइट आर्मेनिया' ही एडील होव्हनानियन यांनी सुरू केलेली संस्था. अट अशी: वय २१ ते ३२, आजी-आजोबांपैकी निदान एकजण आर्मेनियन, आणि मुक्काम कमीत कमी नऊ आठवडे. दहा दिवस चालत नाहीत. विमानाचं भाडं आधी मिळत नाही. काम पूर्ण केलं की परत मिळतं, आणि मुक्काम जितका लांब तितकी परतफेड जास्त. कामं शोधून द्यायला 'आर्मेनियन व्हॉलंटियर कोअर' ही जोडीची संस्था आहे. मुलगा आर्किटेक्ट असेल तर त्याला जुन्या वास्तूंचं काम, मुलगी परिचारिका असेल तर दवाखाना, कुणी हिशेबनीस असेल तर एखाद्या लहान संस्थेची वहीखाती. आठवड्याला साधारण नोकरीइतके तास. संध्याकाळी आर्मेनियन भाषेचे मोफत वर्ग, सुट्टीच्या दिवशी मठ आणि डोंगर पाहायला सहल, आणि आठवड्यातून एकदा सगळ्यांनी जमून बोलायचं. ज्यांना हवं त्यांना एखाद्या कुटुंबात राहता येतं. ही मुलं त्या कुटुंबाला राहण्या-जेवणाचे पैसे देतात, आणि माझ्या मते ते फार योग्य आहे. पैसे दिले की घरची बाई उपकार करत नाही आणि मुलगी ओशाळत नाही. मग दोघींमध्ये जे नातं होतं ते मोकळं होतं.

नऊच आठवडे का? या आकड्याचा मी बराच विचार केला. आपल्याकडे नव्या नोकरीत रुळायला जेवढा वेळ लागतो तेवढाच हा. पहिले दोन आठवडे नवखा माणूस कामाच्या जागी ओझंच असतो: पाणी कुठे, चावी कुणाकडे, साहेबांना कधी गाठायचं, हे कळण्यातच ते जातात. मग कौतुक ओसरतं, कंटाळा येतो, घरची आठवण येते, पोट बिघडतं. सहल असती तर त्याच सुमाराला विमान सुटलं असतं, आणि मुलं मनात एक गोड पोस्टकार्ड घेऊन परतली असती. इथे मात्र थांबावं लागतं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात कोपऱ्यावरचा भाजीवाला ओळखायला लागतो, बसचा मार्ग पाठ होतो, आणि मुख्य म्हणजे तुम्ही एक दिवस गेला नाहीत तर कुणीतरी फोन करून विचारतं, "आज आला नाहीस?" माझ्या भाचीला हाच फोन हवा होता.

आता प्रश्न असा, की हे मुलांना कुठे नेतात? येरेवानशिवाय दुसरं मोठं ठिकाण म्हणजे ग्युमरी. सोव्हिएत काळात त्याचं नाव लेनिनाकान होतं. ७ डिसेंबर १९८८ रोजी सकाळी पावणेबाराच्या सुमाराला स्पिताकजवळ भूकंप झाला आणि त्या भागात सुमारे २५ हजार माणसं गेली. शाळा भरलेल्या होत्या. आपल्याकडे किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, जवळपास दहा हजार माणसं गेली. लातूर-धाराशिवच्या माणसाला ग्युमरी फार समजावून सांगावं लागणार नाही. भूकंपानंतर बेघरांसाठी लोखंडी पेट्यांसारखी तात्पुरती घरं आणली, त्यांना तिथे 'दोमिक' म्हणतात. तीन वर्षांनी सोव्हिएत संघच कोसळला, पैसा आटला, आणि त्या तात्पुरत्या घरांत कुटुंबांच्या कुटुंबांनी पुढची कितीतरी दशकं काढली. लॉस एंजलिसमध्ये वाढलेली मुलगी ग्युमरीत कामाला येते तेव्हा तिला मायभूमी म्हणून हेही दिसतं. आजीने सांगितलेल्या गोष्टीत जर्दाळूची झाडं होती, दोमिक नव्हतं.

आणि आजीच्या गोष्टीतलं गाव बहुधा या आर्मेनियात नसतंच. १९१५ साली ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियन लोकांची कत्तल झाली, दहा लाखांहून अधिक माणसं मारली गेली आणि उरलेली सीरिया, लेबनॉन, ग्रीस, फ्रान्स, अमेरिका अशी पांगली. त्यांची गावं, म्हणजे वान, खारपेर्त, मराश, ऐनताब, ही सगळी आजच्या तुर्कस्तानात. आज आर्मेनिया म्हणून जो देश आहे तो पूर्वेचा तुकडा. तो आधी रशियन साम्राज्यात होता, मग सोव्हिएत संघात, आणि २१ सप्टेंबर १९९१ च्या सार्वमताने स्वतंत्र झाला. तिथे आज तीस लाखांच्या आसपास लोक आहेत. जगभर विखुरलेले आर्मेनियन याहून कितीतरी जास्त. म्हणजे बैरूतहून येणारा मुलगा 'घरी' येतो तेव्हा त्याच्या पणजोबांनी कधी पाऊलही न ठेवलेल्या शहरात येतो. घर आहे, पण पत्ता दुसराच.

भाषेतही तसंच. पांगलेल्या बहुतेकांची भाषा पश्चिम आर्मेनियन, येरेवानची पूर्व आर्मेनियन. लिपी एकच, मेस्रोप माशतोत्स यांनी पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रचलेली. पण उच्चारांत ग चा क होतो, प चा ब होतो. कागदावर सारखंच लिहिलेलं नाव येरेवानमध्ये ग्रिगोर वाचतात आणि बैरूतमध्ये क्रिकोर. इथला पेत्रोस तिथे बेद्रोस. रविवारच्या शाळेत वर्षानुवर्षं घोटून घेतलेली आर्मेनियन बोलत मुलगा दुकानात शिरतो आणि दुकानदार त्याला रशियनमध्ये उत्तर देतो, तेव्हा त्या मुलाच्या मनात काय होत असेल! तंजावरच्या मराठी घरातला माणूस पुण्यात येऊन सतराव्या शतकातला वळसा असलेलं त्याचं मराठी बोलतो, आणि समोरचा हिंदीत सुरू होतो, तसंच हे. त्याची भाषा चुकीची नसते. ती वेगळ्या वाटेने जिवंत राहिलेली असते, आणि खरं तर जपलेली जास्त असते.

या कार्यक्रमांमागे एक जुनी, फार दुःखाची आठवण आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दुसरं महायुद्ध संपल्यावर सोव्हिएत सरकारने जगभरच्या आर्मेनियनांना हाक दिली: परत या, मायभूमी तुमची वाट पाहते आहे. १९४६ ते १९४८ या काळात सुमारे ९० हजार माणसं आली. सीरिया, लेबनॉन, इराण, ग्रीस, फ्रान्स, इजिप्तहून, जहाजं भरभरून, शिलाई मशीन, पियानो, पुस्तकं, भांडीकुंडी घेऊन. युद्धाने पिचलेल्या देशात खायला पुरेसं नव्हतं, राहायला घरं नव्हती. स्थानिक लोक या नव्या मंडळींना 'अखपार' म्हणायला लागले. हा शब्द त्यांच्याच बोलीतला, 'भाऊ' या अर्थाचा. हे लोक एकमेकांना भाऊ म्हणून हाक मारायचे, आणि तीच हाक त्यांना हिणवायचं नाव झाली. भाऊ या शब्दाची शिवी होणं यापरतं दुःख नाही. पुढे १४ जून १९४९ च्या रात्री त्यांच्यातल्या कितीतरी कुटुंबांना गाड्यांत घालून सैबेरियातल्या अल्ताई भागात हद्दपार केलं. स्टालिन गेल्यावर ती परतली, आणि सोव्हिएत दारं किलकिली झाली तेव्हा पुष्कळजण पुन्हा फ्रान्सला, अमेरिकेला निघून गेले.

ही आठवण घराघरांत असताना कुणी आपल्या नातीला "घरी परत जा" असं कसं म्हणेल? म्हणून मला आजच्या कार्यक्रमांची रचना शहाणपणाची वाटते. कायमचं या, असं ते म्हणत नाहीत. नऊ आठवडे या, एक काम अंगावर घ्या, मग हवं तर परत जा. या वाटेने आजवर दोन हजारांहून अधिक मुलं येऊन गेली. काही तिथेच राहिली, लग्नं केली, दुकानं आणि कंपन्या काढल्या. बहुतेक परत गेली, पण आता त्यांना येरेवानमध्ये फोन करायला माणूस आहे. सरकारनेही हळूहळू ही रीत उचलली. २००९ साली किशोरवयीन मुलांसाठी 'आरी तून' नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्याचा अर्थ 'घरी ये'. २०२० पासून 'आयगोर्त्स' या योजनेखाली परदेशातल्या आर्मेनियन व्यावसायिकांना वर्षभर सरकारी खात्यांत कामाला बोलावतात. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने ताबा घेतलेल्या नागोर्नो-काराबाख या आर्मेनियन वस्तीच्या प्रदेशातून एका आठवड्यात एक लाखाहून अधिक आर्मेनियन निर्वासित देशात आले, तेव्हा कपडे वाटायला, नावं नोंदवायला, मुलांना सांभाळायला उभे राहिलेल्यांत परदेशातून आलेली ही तरुण मुलंही होती. देशावर वेळ आली तेव्हा ती बातमी पाहत बसली नाहीत, कारण त्यांना तिथले रस्ते आणि माणसं ठाऊक होती.

इस्रायलच्या दहा दिवसांच्या सहलीलाही २०२३ च्या युद्धानंतर हे सुचलं: शेतात फळं तोडायला, अन्नाची पाकिटं भरायला स्वयंसेवकांच्या तुकड्या जाऊ लागल्या.

इस्रायलचा विषय निघालाच आहे तर आपल्या बेने इस्रायलींबद्दल बोलायला हवं, कारण त्यांच्या वाट्याला दोन आजोळं आली. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांचं जहाज फुटलं आणि वाचलेली माणसं कोकणात रुजली, अशी त्यांची परंपरा सांगते. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. आडनावं घेतली ती गावांची: किहीमकर, चेऊलकर, रोहेकर, पेणकर, नवगावकर. १९४८ नंतर बहुतेकजण इस्रायलला गेले. दोन हजार वर्षं ज्या भूमीकडे तोंड करून प्रार्थना केली तिथेच पोचले, आणि तिथल्या धर्मपीठाने विचारलं, तुम्ही खरे ज्यू आहात का? त्याविरुद्ध त्यांनी मोठी निदर्शनं केली. अखेर १९६४ साली इस्रायलच्या संसदेने ते सर्व बाबतींत इतरांच्या बरोबरीचे ज्यू आहेत असा निर्वाळा दिला. 'अखपार' म्हटल्या गेलेल्यांची आणि यांची गोष्ट जुळते ती इथे. दारात उभं राहून आपण घरचेच आहोत हे सिद्ध करावं लागणं, हे परक्या घरी होत नाही, घरीच होतं.

आता त्यांची इस्रायलमध्ये जन्मलेली पिढी उलटा प्रवास करते. नवगावच्या जुन्या दफनभूमीत जाते. खंडाळे गावाजवळ 'एलियाहू हनवीचा टापा' आहे, तिथल्या खडकावर एलियाहू पैगंबराच्या रथाची खूण उमटल्याचं मानतात. तिथे मलिदा करते. इस्रायलमधून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघत आलं आहे. आडनावातच गावाचा पत्ता असल्याने ही मुलं नशीबवान.

सगळ्यांना तो पत्ता मिळत नाही. मॉरिशसमध्ये गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले मजूर, म्हणून गेलेल्यांत कोकणातली मराठी माणसं होती. २ नोव्हेंबर १८३४ ला गिरमिटियांची पहिली तुकडी तिथल्या बंदरात उतरली. त्या घाटाला आता आप्रवासी घाट म्हणतात, २००६ पासून तो जागतिक वारसास्थळ आहे. आज तिथे गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, शाळेत मराठी शिकवतात. गावाचं नाव मात्र पुष्कळांना ठाऊक नाही. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आलेल्या माणसांच्या नोंदी जपल्या आहेत, पण त्या लिहिल्या इंग्रजी-फ्रेंच कारकुनांनी, कानावर पडेल तशा. तालुक्याचं नाव ओळखू यायचं तर कोकणातली नावं ठाऊक असलेला माणूस शेजारी बसून मोठ्याने वाचायला हवा. हेही एक काम आहे. आणि ते फक्त इकडची आणि तिकडची मुलं एकत्र बसून करू शकतात.

भारत सरकारचा या विषयातला मुख्य कार्यक्रम म्हणजे 'नो इंडिया प्रोग्रॅम', भारताला जाणा. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांच्या समितीने परदेशस्थ भारतीयांबद्दल अहवाल दिला, २००३ पासून ९ जानेवारीला प्रवासी भारतीय दिवस साजरा होऊ लागला, आणि त्याच सुमाराला हा कार्यक्रम सुरू झाला. भारतीय वंशाच्या तरुणांच्या साधारण चाळीसजणांच्या तुकड्या तीनेक आठवडे देशात फिरतात. एखादं राज्य यजमान असतं, विमानभाड्याचा ९० टक्के भाग सरकार परत देतं, आणि मॉरिशस, फिजी, सुरिनाम, गयाना, त्रिनिदाद, दक्षिण आफ्रिका अशा गिरमिटिया देशांतल्या मुलांना प्राधान्य असतं. हे प्राधान्य मला फार आवडतं. न्यू जर्सीच्या मुलाला पुण्यात आजी असते. सुरिनामच्या मुलाचे पूर्वज १८७३ पासून तिथे आहेत, त्याला इथे कुणीच नाही. पण कार्यक्रमाची घडण सहलीचीच: मंत्र्यांच्या भेटी, कारखाने, ताजमहाल, एखाद्या खेड्यात धावती चक्कर.

काम करायला बोलावणारे प्रयत्नही आपल्याकडे झाले. २००१ च्या भुज भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या अमेरिकन इंडिया फाउंडेशनने दहा महिन्यांची फेलोशिप काढली; अमेरिकेतून आलेले तरुण इथल्या स्वयंसेवी संस्थांत काम करतात. अमेरिकेत वाढलेल्या भारतीय तरुणांनीच २००२ साली 'इंडिकोर' सुरू केलं. त्यात भारतीय वंशाची मुलं वर्षभर किंवा त्याहून जास्त एखाद्या खेड्यात, तिथल्या संस्थेच्या हाताखाली राहायची. मला यातला 'हाताखाली' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. परदेशातून शिकून आलेला मुलगा शिकवायला आलेला नसतो, शिकायला आलेला असतो, हे ठरवणारा तोच एक शब्द.

कारण या कामांचं नुकसानही होऊ शकतं. दोन आठवड्यांसाठी आलेला गट गावातल्या शाळेची भिंत रंगवतो, तेव्हा गावातल्या रंगाऱ्याची मजुरी बुडते. अनाथाश्रमात महिनाभर खेळायला येणारे दादा-ताई गेले की त्या मुलांना पुन्हा एकदा कुणीतरी सोडून गेल्याचा अनुभव येतो. अशा मुलांबरोबर फोटो काढून ते जगाला दाखवणं तर करूच नये. काम निवडायची माझ्या मते एकच कसोटी: हे काम त्या संस्थेला आधीपासून हवं होतं का, की पाहुणे येणार म्हणून निर्माण केलं? काम आधीपासूनचं असेल तर ते रटाळ असण्याची शक्यता जास्त. नोंदी करणं, हिशेब लावणं, भाषांतर, जुने कागद स्कॅन करणं. रटाळ कामातच माणूस गावात मुरतो.

महाराष्ट्राला ही रीत नवी नाही. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी दर मे महिन्यात भरत आली आहे. सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यानं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी २००६ पासून तरुणांसाठी 'निर्माण' हे शिबिर चालवलं. पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत शहरातली हजारो माणसं मे महिन्याच्या उन्हात कुदळ-फावडं घेऊन चर खणायला खेड्यांत गेली. दुसरीकडे उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे, तिथल्या मराठी शाळांत मुलं रविवारी बाराखडी गिरवतात. घाम गाळायची शिबिरं इकडे, बाराखडी तिकडे. या दोन गोष्टींची गाठ घालून द्यायला मला तरी कुणी नियमितपणे बसलेलं दिसलं नाही. नऊ आठवडे नको, पाच चालतील. एखादं तालुक्याचं वाचनालय, एखादी नगरपालिकेची शाळा, एखादं बियाणं जपणारं गाव, आणि राहायला एखादं घर, जिथे मुलगी स्वतःचं ताट स्वतः धुवेल.

परदेशी पासपोर्टवर येणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक गोष्ट: पर्यटक ई-व्हिसावर महिनाभरापर्यंतचं, कसलाही मोबदला न घेता केलेलं स्वयंसेवी काम बसतं. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असेल तर मुक्कामाची अडचण नाही, पण पत्रकारिता, संशोधन, गिर्यारोहण अशा काही गोष्टींना वेगळी परवानगी लागते. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर त्या वर्षीचा नियम वाचायचा. आणि ज्यांना घराण्याचं गाव शोधायचं आहे त्यांनी त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळी विसरू नयेत. पणजोबा कधी यात्रेला आले असतील तर त्यांनी स्वतः लिहिलेल्या दोन ओळी तिथल्या वहीत सापडू शकतात.

भाचीसाठी मी कोकणातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाला पत्र लिहिलं. ग्रंथपाल बाईंचं उत्तर आठवड्याने आलं. त्यांनी तिचं स्वागत वगैरे काही लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं, की आमची बारा हजार पुस्तकं अजून संगणकावर नोंदवायची आहेत, पाच आठवड्यांत निदान दोन हजार व्हायला हवीत, राहायची सोय मागच्या आळीत एका घरी होईल, आणि मुलीला देवनागरी टंकलेखन येतं का?

मी पत्राचा फोटो तिला पाठवला. तिला देवनागरी वाचता येते, अडखळत. टाईप करता येत नव्हतं. रात्री तिचा मेसेज आला. रोमन अक्षरांत नाही, देवनागरीत, आणि 'ज्ञ' च्या जागी 'द्न्य' लिहून: "आत्या, मी शिकते आहे. द्न्यानेश्वरी कसं टाईप करायचं?"